गोदीची हाक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. बरंच झालं म्हणा. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण या गोष्टीत मुलांची चूक काहीच नाही.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर मोठं पठार होतं. पठाराच्या मावळतीला खोल दरी, आणि दरीपलीकडे भिंतीसारखा उभा कडा. गावातली पोरं सकाळी शेळ्या घेऊन पठारावर जायची आणि सांज झाली की खाली यायची.

त्या गावाची एक रीत होती. बारशाच्या दिवशी बाळाचं नाव ठेवून झालं की आई अंगणात यायची आणि पठाराकडे तोंड करून त्या बाळाला निराळ्याच सुरात पहिली हाक मारायची. ती हाक त्या एका बाळाची. शेजारणीनं ती उचलायची नाही, आणि आईनंही थोरल्याची हाक धाकट्याला द्यायची नाही.

त्यामुळे संध्याकाळी त्या गावात जो काही गलका व्हायचा, तो विचारू नका. कुणाची हाक चढत जाणारी, कुणाची आखूड, कुणाची चक्क रडवी. पण प्रत्येक पोराला त्यातली आपली हाक बरोबर ऐकू यायची. ते वरून ‘ओ’ द्यायचं आणि आवाजाच्या रोखानं उतरू लागायचं. धुकं असलं तरी कुणी चुकायचं नाही.

गावात सगुणा नावाची बाई होती. तिला एकच मुलगी, गोदी. गोदीची हाक साऱ्या गावात लांबलचक. आधी नाव, मग एक गिरकी, आणि शेवटी वासराला चुचकारावं तसं काहीतरी. बायका हसायच्या. म्हणायच्या, “सगुणे, तुझी हाक संपेस्तवर आमच्या भाकरी होत्यात.”

एकदा राजा त्या वाटेनं चालला होता आणि सांजेला गावाबाहेर उतरला. राजा दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला फक्त नीटनेटकेपणाचं वेड होतं. त्यानं तो गलका ऐकला आणि कानांवर हात ठेवले.

“एकेकाला कशाला बोलावता?” तो गावच्या पाटलाला म्हणाला. “सगळ्यांना एकदम बोलवावं.”

पुढच्याच महिन्यात राजाकडून पितळेचा एक भलामोठा कर्णा आला. तो फुंकणारा माणूसही आला आणि सोबत हुकूम आला. दिवस मावळला की कर्णा वाजेल, पोरं घरी येतील, आणि कुणी हाक मारायची नाही.

गाव रागावलं असेल असं वाटतं ना? छे. गाव खूश झालं. गळा ताणायला नको, अंगणात उभं राहायला नको. फुकटची सोय कुणाला नको असते? शिवाय ज्यांच्या हाकेला लोक हसायचे, त्यांना वाटलं, आता सगळे सारखे झालो.

सगुणा मात्र हाक मारत राहिली. कर्णा वाजून गेला की ती अंगणात यायची आणि आपली लांबलचक हाक पठाराकडे सोडायची.

आता तिच्या पाठीमागे राजाचे शिपाई लागले असते, तर ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण राजाला सगुणेची खबरही नव्हती. तिच्या मागे लागले ते शेजारी.

“आमची पोरं कर्ण्यावर येत्यात. तुझीच काय सोन्याची हाय?” एक म्हणाली.

“हुकूम समद्या गावाला हाय. तुझ्यापायी आम्ही का बोलणी खायची?” दुसरी म्हणाली.

मग पाटलानं चावडीवर गाव गोळा केलं आणि ठरलं, की सगुणेला कुणी विस्तव द्यायचा नाही. त्या काळी चूल विझली की शेजारून निखारा आणावा लागे. ज्याला विस्तव नाही त्याला भाकरी नाही. सगुणेची चूल विझली. तिनं चार दारं वाजवली. चारही घरांत चूल पेटलेली दिसत होती आणि चारही बाया म्हणाल्या, “नाही गं, आमचीबी विझलीय.”

सगुणेचा नवरा साधा माणूस होता. तो म्हणाला, “चार लोकांसारखं ऱ्हावं. एका हाकेनं काय हुतंय? पोर तर घरी येतीयाच की.”

पोर उपाशी झोपली होती. सगुणेनं तिच्याकडे पाहिलं आणि हाक मारणं सोडलं. दुसऱ्या दिवशी निखारा मिळाला.

थोड्या दिवसांनी गोदीनं विचारलं, “आये, तू मला हाक का न्हाई मारत?”

“कर्णा वाजतो की, बाई.”

“कर्णा समद्यांना बोलावतो. मला कोण बोलावतं?”

सगुणेनं तिला जवळ घेतलं आणि तिचे केस विंचरले. मुलं एकदा विचारतात, दोनदा विचारतात, मग विचारणं सोडून देतात. गोदीनंही सोडलं. पावसाळे आले, गेले. गावात नवी बाळं जन्मली. त्यांना नावं मिळाली, हाका मिळाल्या नाहीत.

मग एका दिवशी सांज व्हायच्या आतच पठारावर धुकं उतरलं. असं दाट, की पुढे केलेला हात दिसेना. कर्णा वाजला. शेळ्यांना वाट ठाऊक होती. त्यांच्या मागोमाग बाकीची पोरं चाचपडत खाली आली. गोदी आली नाही. तिचं एक करडू मागे राहिलं होतं आणि ती त्याला शोधायला वळली होती.

“जोरात वाजव,” पाटील म्हणाला. कर्णेवाल्यानं गाल फुगवून कर्णा फुंकला. आवाज वर गेला, दरीपलीकडच्या कड्यावर आपटला आणि तिथून परत आला. माणसाच्या हाकेनं तो कडा कधी घुमला नव्हता. पितळेनं तो दणाणून सोडला. खालून कर्णा वाजे आणि मावळतीकडूनही कर्णा वाजे. धुक्यात उभ्या असलेल्या पोरीनं कुणाकडे जावं?

सगुणेच्या ते ध्यानात आलं. ती पाटलाच्या पाया पडली. “कर्णा थांबवा. मला हाक मारू द्या.”

“समदी पोरं येईस्तवर वाजवायचा, असा हुकूम हाय,” पाटील म्हणाला. शेवटी एका म्हातारीनं पुढे होऊन कर्णेवाल्याचा हात धरला, आणि सगळं शांत झालं.

सगुणेनं पठाराकडे तोंड केलं. छाती भरून घेतली.

आणि तिला हाक येईना.

नाव आलं. गिरकी अर्धी आली, मोडली. शेवट तर कुठल्या कुठे गेला होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग ती वळली आणि शेजारणींना विचारू लागली, “माझ्या गोदीची हाक कशी होती गं? तुम्ही हसत हुता ना तिला? कुणाला तरी आठवत असंल.”

बायकांनी माना खाली घातल्या. कुणालाच आठवत नव्हतं.

तेव्हा सगुणा नुसतंच ओरडली, “गोदेऽऽ”. तिचा सूर सपाट होता, कर्ण्यासारखा. इतक्या दिवसांत कानात तोच बसला होता.

वरून, फार लांबून, पोरीचा आवाज आला. तिनं ‘ओ’ दिली नाही. तिनं विचारलं, “कोण?”

“मी गं, तुझी आई—”

“ऐकू आलं तिला,” पाटील आनंदानं म्हणाला. “वाजव, आता वाजव.” त्याला खरोखरच आनंद झाला होता. कर्णा दणाणला, कडा दणाणला, आणि आईचा आवाज त्यात बुडून गेला.

सकाळी धुकं विरल्यावर माणसं वर गेली. करडू दरीच्या काठावर ओरडत उभं होतं. गोदी खाली सापडली. ज्या कड्याकडून कर्णा ऐकू येत होता, त्याच्याच रोखानं ती शहाण्या मुलीसारखी चालत गेली होती.

पाटील ओक्साबोक्शी रडला. कर्णा गाडीत घालून राजाकडे परत पाठवला. त्या संध्याकाळी सगळ्या आया आपापल्या अंगणात उभ्या राहिल्या आणि पुन्हा आपल्या पोरांना हाका मारू लागल्या. पण सगळ्या हाका एकाच सुरात निघत होत्या, गलक्यात नावं वेगळी कळत नव्हती, आणि पोरं भांबावून एकमेकांच्या दारात जात होती. सगुणा सगळ्यांत शेवटी घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तात्पर्य: चार लोकांसारखं होण्यासाठी आपला आवाज सोडू नये; सोडलेला आवाज गरजेच्या वेळी हाक मारूनही परत येत नाही.