मुखवटा पुन्हा पुरून या

ऐन शिमग्याच्या तोंडावर देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. मुखवट्यावाचून पालखी निघते होय? चोर धाकू पकडला गेला, पण मुखवटा कुठे पुरलाय, ते मार खाऊनही सांगेना. शेवटी सरकारी वकील वैजूताई त्याला म्हणाल्या, "गुन्हा कबूल कर, जागा दाखव. मी शिक्षा कमी मागते." मुखवटा मिळाला.

गावाला तो परत द्यायच्या दिवशीच वैजूताईंच्या कचेरीत त्यांचे वरिष्ठ सरनोबतसाहेब चौकशीला आले, मिशीला पीळ देत. "चोराशी सौदा? आत्ताच्या आत्ता मोडा, नाहीतर घरी बसा!"

वैजूताईंची मान काही खाली गेली नाही. बाहेर रिकामी पालखी घेऊन सारा गाव ढोल बडवत उभा होता. त्यांनी मुखवटा उचलला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"मोडू की! पण मोडायचा तर दोन्हीकडून. मी माझा शब्द मागे घेते, तुम्ही हा नेऊन होता तिथे पुरून या. वाट पालखीवरूनच जाते, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मुखवटा घाईघाईने कपाळाला लावला. "सौदा तसा... योग्यच आहे."

"मग चला," वैजूताईंनी दार उघडलं, "हेच गावासमोर मोठ्याने सांगा."