टेकडीवरचा दवाखाना

फार मागं, खोकला झाला की वाघसुद्धा गुमान रांगेत बसायचा, तेव्हाची ही गोष्ट. रानाचा वैद्य होता मुंगूस आणि त्याचा दवाखाना होता ओढ्याकाठी.

एके दिवशी रानाचा पाटील सांबर म्हणाला, "दवाखाना टेकडीवर नेऊ. काय ती हवा, काय तो उजेड! पण सगळ्यांना विचारूनच हं." मग काय, रान उड्या मारत टेकडीवर सभेला आलं. माकडांना तर एवढा उत्साह, की त्यांनी औषधी मुळ्यांच्या टोपल्या आधीच वर आणून ठेवल्या.

"पसंत असेल त्यांनी शेपटी वर करा!" सांबर ओरडला. सगळ्या शेपट्या ताठ वर!

मुंगूस मात्र इकडंतिकडं बघत राहिला. "पाटील, माझ्याकडं रोज येणारं यात एकही तोंड दिसत नाही हो. साळिंदर आजी कुठाय? तिचा पाय मोडलाय."

"अरे, आजीला विचारायचं राहिलंच की! चला, आत्ता जाऊ!"

सांबर उतारावरून असा सुसाट निघाला, की आजीच्या बिळापाशी पाय मुरगळून धपकन पडला. "मेलो, वैद्यबुवा! मुळी लावा!"

"मुळ्या वर आहेत, पाटील."

आजी बिळातून हसली. "जा की चढून, बाळा. हवा चांगली आहे म्हणे."

सांबरानं मान वर करून टेकडीकडं बघितलं. मग कण्हतच म्हणाला, "माकडांनो, टोपल्या खाली आणा. आणि सभा इथंच भरवा, आजीच्या दाराशी. अगदी पहिल्यापासून!"