वाकथडीचा कोरडा पूर

ही समोर नदी दिसते ना, तिला आज घोट्याएवढंच पाणी आहे. वैशाख आहे, मधल्या डबक्यात म्हशी बसल्यात. तरी बाराच्या सुमाराला ढोल वाजेल आणि आमची अख्खी वाकथडी "पाणी आलं, पाणी आलं" म्हणत या माळावर धावत सुटेल. म्हातारी माणसं पाठुंगळीला, पोरं कडेवर, गुरं पुढे. तुम्ही पाहुणे, तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. फक्त पायऱ्यांवरून बाजूला होऊन हसा, कारण खालच्या आळीच्या बायका वरच्या आळीला हरवायला निघाल्या की समोर कोण उभं आहे ते बघत नाहीत. गेल्या साली फोटो काढणारे एक साहेब थेट करवंदीच्या जाळीत गेले.

याला आम्ही कोरडा पूर म्हणतो. मी शिदू गुरव. चाळीस वर्षं हा ढोल मी वाजवला. आता पुतणी वाजवते, आणि माझ्यापेक्षा जोरात वाजवते हे कबूल करावं लागतं. हा पूर कुणी सुरू केला ते सांगतो. अजून वेळ आहे, सावलीत बसा.

गोष्ट फार जुनी. किती जुनी, यावर आमच्यातच एकमत नाही. पण तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर तानाक्का आंबिणीच्या नावेतून जावं लागे, एवढं सगळे सांगतात. आंबी म्हणजे नावाडी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वल्हं तिच्याच हातात. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि घरातली सासू कधी चिडणार हे जसं आधी कळतं, तसं नदी कधी चिडणार हे तिला कळायचं, म्हणे.

एका श्रावणात पूर आला. दिवसाउजेडी आला, सावकाश चढला. सकाळी घाटाला लागला आणि दुपारी घरात शिरला. म्हणजे माळ चढायला सगळी सकाळ हाताशी होती. तरी अकरा माणसं गेली. कशी गेली ऐका. एक जण जातं आणायला परत फिरला. दोघे भाऊ कुणाचा बैल आधी सोडायचा यावर भांडत बसले. एक म्हातारी म्हणाली, माझ्या हयातीत पाणी इथवर आलं नाही, आणि चुलीपुढून उठलीच नाही. आणि तानाक्काची धाकटी बहीण बायडा उंबऱ्यात उभी होती. नुसती उभी. डोळे उघडे, पाणी गुडघ्याला, पाय हलेनात. तानाक्काने नाव दाराशी लावली, हाका मारल्या, शिव्या दिल्या, हात धरून ओढलं. जितकं ओढावं तितकी बायडा चौकट घट्ट धरत गेली. नावेत नऊ माणसं होती आणि नाव कलंडायला लागली. शेवटी तानाक्काने हात सोडला.

तेरा दिवस ती काठावर बसून होती, असं सांगतात. चौदाव्या दिवशी उठून चावडीवर गेली आणि म्हणाली, "माझ्या भनीला पाण्यानं न्हाई नेलं. पाण्यानं लई दम धरला हुता. तिला भ्यानं नेलं. भ्या म्हंजे काय ते तिनं आदी कवा बघितलंच नव्हतं. पयल्यांदा बघितलं आन् तितंच थिजली. आता ह्या गावाला म्या भ्या दावणार हाय. थोडं थोडं, कोरड्यात." आणि तिने नेम धरला. गावातलं माणूस न् माणूस वेळेत माळावर चढेपर्यंत ती मीठ खाणार नव्हती.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, तिने आमच्याच घरातून ढोल उचलला आणि बडवत निघाली. लोकांना वाटलं कुठे आग लागली, ते पाण्याच्या घागरी घेऊन धावले. बघतात तर नदीत वाळू. सगळे हसून घरी गेले. त्या वर्षी माळावर पोचले कोण, तर तानाक्का आणि वाट चुकलेली एक शेळी. गावचे जोत्याजी पाटील मात्र हसले नाहीत, तापले.

"बये, कोरड्या नदीला पूर म्हंतीस? अभद्र बोललं की घडतंय. गप घरला जा."

"मी गप बसल्यावर नदी गप बसंल व्हय, पाटील?" तिने विचारलं.

दुसऱ्या वर्षी तिने शहाणपणा केला. माळावर चुली मांडल्या आणि जी आळी आधी चढेल तिला गुळाच्या पोळ्या आधी वाढणार, असं सांगून टाकलं. मग काय विचारता. ढोलावर पहिली टिपरी पडायची खोटी, दोन्ही आळ्या अशा सुटल्या की धुळीने माळ दिसेना. पाटीलसुद्धा आले, फक्त बघायला आलो म्हणाले, आणि चार पोळ्या खाऊन गेले. तानाक्काने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः अळणी भाकरी खाल्ली.

मग दर वर्षी ती एक एक गाठ आवळत गेली. तिसऱ्या वर्षी ढोल कधी वाजणार ते सांगितलंच नाही. चौथ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या घरचं सोडून दुसऱ्याच्या घरचं म्हातारं माणूस वर न्यायचं, कारण ऐनवेळी आपलं माणूस आपल्याजवळ असेलच असं नाही. पाचवं वर्ष सगळ्यांत अवघड गेलं. आपली सगळ्यांत लाडकी वस्तू घरात ठेवून यायचं आणि दिवस मावळेपर्यंत तिच्याकडे परतायचं नाही. बायकांना घरी काढून ठेवलेली गळ्यातली डोरली आठवत राहिली. आणि पाटील बोडक्या डोक्याने वर आले. पागोट्याशिवाय पाटलांना त्यांच्या घरातल्यांनीही पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी माळावर कुणी हसलं नाही. तानाक्काने सगळ्यांना गावाकडे तोंड करून उभं केलं आणि मोठ्याने म्हणायला लावलं, "घर गेलं. आमी हाय." पहिल्यांदा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्यांदा निम्मे लोक रडले. तिसऱ्यांदा आवाज पार नदीपलीकडे गेला, म्हणे. मग तिने डोकी मोजली.

आणखी एक गोष्ट तिने घरोघर जाऊन शिकवली. थिजलेल्या माणसाला ओढायचं नाही. त्याच्या शेजारी उभं राहायचं, नावाने हाक मारायची आणि त्याच्या हाताला काहीतरी काम द्यायचं. हे तिला कशातून कळलं ते कुणी विचारलं नाही.

आणि सातव्या वर्षी भादव्यात नदी खरोखर उठली. या वेळी पाण्याने दम धरला नाही. चुलीवरची भाकरी उलटेपर्यंत पाणी घाटावर, आणि ती उतरवेपर्यंत आळीच्या तोंडाशी. ढोल वाजला आणि पुढे जे झालं त्यालाच आम्ही चमत्कार म्हणतो. खरं का खोटं, हे कुणी विचारलं नाही. जात्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्या भांडखोर भावांच्या घरातल्या पोरांनी दोन्ही बैल एकदम सोडले. लहान पोरं तर पोळ्या मिळणार म्हणून आनंदाने ओरडत चढत होती. खाली भिंती पडल्याचे आवाज येत होते आणि वर अख्खं गाव एका सुरात म्हणत होतं, "घर गेलं. आमी हाय."

डोकी मोजली. चारशे बारा हवी होती, भरली चारशे अकरा. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. दर वर्षी मोजणारीच तिथे नव्हती.

नाव पुरात वाहून गेली होती. पाटील दोन गडी आणि हाती लागलेलं एक वल्हं घेऊन गुऱ्हाळाच्या काहिलीत बसले. काहील म्हणजे गूळ शिजवायची ही मोठी लोखंडी कढई. ती पाण्यावर तरंगते, पण सरळ जाईल तर शपथ. गरागरा फिरत, झाडांना थडकत ते खालच्या आळीत पोचले. तानाक्का बायडाच्या पडक्या घराच्या उंबऱ्यात उभी होती. शेवटच्या घरातली माणसं बाहेर काढून परतताना तिला त्या बोळातून यावं लागलं होतं. पाणी कमरेला, डोळे उघडे, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. सात वर्षं तिने गावाला सगळीकडून पळवलं, पण त्या बोळात ती स्वतः एकदाही गेली नव्हती. देवळाला वळसा घालून जायची. सगळ्या गावाचं भय तिने काढलं आणि आपलं तेवढं तसंच ठेवलं होतं.

एका गड्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. पाटलांनी त्याला मागे सारलं. "वढायचं न्हाई." ते पाण्यात उतरले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

"तानाक्का."

ती हलली नाही. पाणी छातीला आलं.

"तानाक्का, ही काहील आमास्नी चालवाया येत न्हाई. तिघंबी मरतोय. हे वल्हं धर." पाटलांनी वल्हं तिच्यापुढे धरलं.

तानाक्काने किती तरी वेळ त्या वल्ह्याकडे पाहिलं, असं सांगतात. मग म्हणाली, "उलटं धरलंयासा." आणि चौकटीवरचा एक हात सोडून तिने ते सरळ करून घेतलं.

माळावर पोचल्यावर पाटलीणबाईंनी तिच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवला. नेम पुरा झाला, आता खा. तानाक्काने तो परत दिला. "समदी चढली, पर मला आणावं लागलं. मी माझ्या पायानं न्हाई आलो," ती म्हणाली. पुढच्या वैशाखात ती सकाळीच जाऊन त्या उंबऱ्यात बसली. ढोल वाजला तेव्हा आधी कुणालाच ती दिसेना. मग बोळातून एकटी चालत बाहेर आली आणि पायऱ्या चढली. त्या दिवशी तिने भाकरीवर मीठ आणि हिरवी मिरची घेतली आणि पोटभर जेवली.

म्हणून आजही कोरड्या पुराला आमच्यातलं कुणी आपल्या सोयीच्या जागेवरून निघत नाही. ज्याला जिथली भीती वाटते तो तिथे जाऊन थांबतो आणि ढोल वाजला की तिथूनच माळावर येतो. विहिरीत पडून वाचलेली आत्ताच्या पाटलांची सून विहिरीच्या काठावरून येते. माझी जागा आमच्या घरातली मागची खोली. सात वर्षांपूर्वी आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, तिथे वारली आणि मी दार लावून घेतलं. पहिली तीन वर्षं मी ओसरीवरूनच चढलो आणि खोलीतून आलो असं गावाला खोटं सांगितलं. नंतर आत गेलो तर बाहेर येता येईना. तीन वर्षं पुतणी ढोल दुसऱ्याच्या हाती देऊन यायची, शेजारी बसायची आणि म्हणायची, काका, ढोलाच्या दोऱ्या ताणायला या.

आज तिला मी सांगितलंय, येऊ नकोस. सकाळी खोली झाडली, खिडकी उघडली. आता जाऊन बसतो. तुम्ही वरच्या पायरीपाशी थांबा. मला उशीर होईल, गुडघे दुखतात, पण मी येईन.