सोनाराचा एकच सूर

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका राज्यात सनई वाजल्याशिवाय राजवाड्याचं दार सकाळी उघडत नसे. ती सनई कोणत्या गावानं वाजवायची, हे दर दसऱ्याला ठरे. गावोगावचे ताफे येऊन वाजवत आणि राणीसाहेबांना जो ताफा आवडे, त्याला वर्षभर तो मान मिळे.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्याच्या वाट्याला हा मान कधीच आला नव्हता. गावचा ताफा म्हणजे तरी काय, तीन हौशी माणसं! माळीबुवा सनई वाजवत. तांबट दिवसभर हंडे ठोकून संध्याकाळी पुन्हा चौघडा बडवायला तयार. आणि तिसरा आपला सोनार. हातात सनईच, पण ती सुरासाठी. माळीबुवांनी गाणं वाजवायचं आणि सोनारानं त्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून ठेवायचा.

हे काम सोनारासारखं कुणालाच जमत नसे. दागिन्याचा सांधा जोडताना तो फुंकणीनं ज्योत फुंकत असे. श्वास तुटला की सांधा बिघडलाच. त्यामुळे गालात हवा साठवायची आणि फुंक चालू ठेवूनच नाकानं श्वास घ्यायचा, ही विद्या त्याच्या अंगात भिनली होती.

पण एके दिवशी त्याची बायको म्हणाली, "अहो, पाणवठ्यावर बायका विचारतात, तुमचे हे काय वाजवतात? मी काय सांगू त्यांना? माळीबुवा गाणं वाजवतात आणि आमचे हे नुसतं 'पीऽऽ' करतात?"

सोनाराला ते फार लागलं. गिऱ्हाईक नसलं की तो दुकानात गुपचूप सनईवर बोटं फिरवू लागला. दोन महिन्यांत त्यानं एक झकास तान बसवली. खोटं कशाला सांगू, तान खरोखरच सुरेख होती.

दसरा चार दिवसांवर आला. रोजच्यासारखे तिघे दिवेलागणीला चिंचेखाली सराव करत होते. माळीबुवा रंगात आले होते. तेवढ्यात सोनारानं सूर सोडला आणि आपली तान मारली. माळीबुवांची सनई गडबडली, भलतीकडे गेली आणि बंद पडली. तांबटाच्या टिपऱ्या हातातच राहिल्या.

"सोनारदादा, अहो, मी चाललो होतो ती वाटच तुम्ही पायाखालून काढून घेतलीत की!" माळीबुवा म्हणाले.

"मग मी काय जन्मभर एकच सूर धरू?" सोनार उसळून म्हणाला.

माळीबुवा रागावले नाहीत. ते म्हणाले, "आज तुम्ही गाणं वाजवा. सूर मी धरतो."

सोनार हरखला. पण माळीबुवांना फुंकणीची सवय कुठली? श्वास घ्यायला थांबले की सूर तुटायचा, आणि तुटला की सोनाराचं गाणं घसरायचं. शेवटी दमलेल्या माळीबुवांनी सनई खाली ठेवली. सोनार घरी गेला. मनातली सल मात्र गेली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. तिघांची पाळी आली. गाणं छान चढत गेलं आणि ऐन रंगात माळीबुवांच्या सनईच्या तोंडाची पत्ती चिरली. सनईतून नुसती हवा येऊ लागली.

गाणं थांबलं, उरला फक्त सोनाराचा सूर. सगळ्यांचे डोळे सोनाराकडे वळले. त्याच्या मनात आलं, हीच वेळ! ती तान बोटांच्या टोकावर येऊन बसली. एक बोट उचलायला आलंसुद्धा.

तेवढ्यात त्याची नजर माळीबुवांकडे गेली. ते घाईघाईनं नवी पत्ती बसवत होते आणि त्यांचा कान सोनाराच्या सनईकडे लागला होता. सोनाराला चिंचेखालची संध्याकाळ आठवली. हा सूर सुटला, तर माळीबुवांना परतायला जागाच उरणार नव्हती.

सोनारानं ते बोट पुन्हा घट्ट टेकवलं. गाल भरले आणि सूर तसाच धरून ठेवला. तांबटानं चौघडा हलका केला. त्या एवढ्या गर्दीत तो एकच सूर घुमत राहिला, न हलता, न तुटता. कुणी खोकलंसुद्धा नाही. सोनाराचे डोळे भरून आले, पण श्वास ढळला नाही.

मग माळीबुवांनी सनई ओठांना लावली आणि गाणं जिथं सुटलं होतं, नेमकं तिथूनच उचललं. लोकांनी जो जल्लोष केला, तो पार डोंगरापर्यंत ऐकू गेला.

राणीसाहेबांनी विचारलं, "मघाशी एकटाच ऐकू येत होता, तो सूर कुणाचा?"

माळीबुवांनी सोनाराला हाताला धरून पुढे केलं.

"अडचणीत ज्यांचा सूर तुटत नाही, त्यांच्या भरवशावर मी माझं दार खुशाल सोपवीन," राणीसाहेब म्हणाल्या. वर्षभराचा मान त्या लहानशा गावाला मिळाला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकीनं सोनाराच्या बायकोला पुन्हा विचारलं, "तुमचे हे काय वाजवतात गं?"

घागर कमरेवर घेत ती म्हणाली, "आमचे हे होय? ते सूर धरतात. म्हणून बाकीच्यांना गाणं वाजवता येतं!"

तात्पर्य: ज्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्याच्याच आधारावर पुष्कळदा बाकी सगळं उभं असतं, म्हणून ते ताठ मानेनं करावं.