लोखंडाची झोप

“मग लोखंडालाच स्वप्न का नाही, सर?”

यासीनने हे विचारलं तेव्हा रविवारचे अकरा वाजत आले होते. वाचनालयाच्या माडीवर आम्ही चौघंच होतो.

येळावकर सर नकाशावर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नियम तुला माहीत आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे. पटत नाही.”

सर पेन्सिलीने एका नदीचं नाव गिरवत राहिले.

येळावकर सर आमच्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक मुलूख रचला आणि त्याला सातखोरं असं नाव दिलं. नद्या, घाट, बाजार, सगळं हाताने काढलेलं. चार मोठे कागद जोडून केलेला तो नकाशा दर रविवारी सतरंजीवर पसरायचा, आणि आम्ही भोवती बसून खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं. पुढे काय घडलं ते सर सांगणार.

मी खोत. एसटीत कंडक्टर होतो. सत्तावीस वर्षं लोकांना पुढे सरका म्हटलं. निवृत्तीनंतर घरात कुणाला सरकवणार? वाचनालयाच्या लाटकरबाईंनी मला इथे आणून बसवलं. ते त्यांचे उपकार.

सातखोऱ्यात माणूसच व्हायला हवं असं नव्हतं. मी कासव होतो. औषधाच्या दुकानात बसणारी गार्गी शिरीषाचं झाड होती.

आणि नियम असा होता : जो झोपतो, त्याला स्वप्नरूप मिळतं. सर एक निळा कागद द्यायचे, त्यावर आपण आपलं स्वप्नरूप लिहायचं. जागेपणी जे जमत नाही, ते त्या रूपाला जमतं. माझं कासव स्वप्नात घार व्हायचं. शिरीष सांजेला पानं मिटतो, म्हणजे तोही झोपतोच, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. गार्गीचं झाड स्वप्नात मुळं सोडवून बाजाराला जायचं.

ही स्वप्नरूपं निजखोऱ्यात हिंडायची. खेळातून गेलेली पात्रं तिथेच राहायची. त्यांना भेटायचं तर झोपूनच जावं लागे.

यासीन लोखंडाचा माणूस होता. उत्तरेच्या खिंडीवर पहारा द्यायचा. झोप नाही, भूक नाही, डोळ्यांच्या जागी दोन खिळे. नकाशावर त्या खिंडीत त्याने एक मोठा नटबोल्ट उभा केला होता.

सहा महिन्यांत खिंडीतून वैऱ्याचं मांजरसुद्धा आत आलं नव्हतं. त्याला त्याचा अभिमान होता. खऱ्या आयुष्यातही तो तसंच सांगायचा. म्हणायचा, काका, मला झोपेची गरजच लागत नाही. दिवसा वायरिंगची कामं, रात्री एका कारखान्याच्या गेटवर पाळी. कुणाला सुट्टी हवी असली की त्याची पाळीही हाच घ्यायचा. डोळे लाल, गालफडं बसलेली. वय सव्वीस.

तो आधीपासून असा नव्हता.

लाटकरबाई हे वाचनालय सांभाळायच्या. यासीन पहिल्यांदा इथे आला तो पंखा दुरुस्त करायला. शाळा नववीत सुटलेली. बाई म्हणाल्या, माझा चष्मा सापडत नाही, तेवढी आजची बातमी वाचून दाखव. तो स्टुलावर उभा राहून एकेक अक्षर लावत वाचायला लागला आणि तिसऱ्या ओळीत थांबला. बाईंनी चष्म्याचं नाव पुन्हा काढलं नाही. उद्या दुपारी ये म्हणाल्या.

चार वर्षं तो दुपारी येत राहिला. दहावी झाला, आयटीआय झाला, वायरमनचं लायसन्स मिळालं. चारचौघांत तोंड उघडावं म्हणून बाईंनी त्याला खेळातही ओढलं. स्वतः बाई खेळात खार होत्या. वैदू खार. सगळ्या सातखोऱ्याला मुळ्या वाटत फिरायची.

मग बाई आजारी पडल्या. मागेपुढे कुणी नव्हतं. यासीन दवाखान्यात तीन दिवस, तीन रात्री खुर्चीवर बसून होता. चौथ्या दुपारी त्याने भिंतीला डोकं टेकलं. वीस मिनिटं झाली असतील. जाग आली तेव्हा सिस्टर बाईंच्या तोंडावर चादर ओढत होती.

हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो आला आणि सरांना म्हणाला, मला पात्र बदलून द्या, झोप नसलेलं द्या. सरांनी कारण विचारलं नाही. दिलं.

खार मात्र सरांनी मारली नाही. ती निजखोऱ्यात राहायला गेली, एवढंच सांगितलं.

मग आम्ही जात राहिलो. माझी घार एकदा तिच्या फांदीवर उतरली. मी म्हटलं, बाई, तुमच्यामुळे रविवार आला की मला शर्टाला इस्त्री करावीशी वाटते.  सर एवढंच म्हणाले, तिने तुला एक आवळा दिला. मी साठीचा माणूस, पण घरी जाताना बाजारातून पावशेर आवळे घेऊन गेलो. गार्गीच्या झाडाने तर तिला एक दिवस स्वतःच्या खांद्यावर बसवून बाजार दाखवून आणला.

यासीन हे सगळं खिंडीत उभा राहून ऐकायचा...

त्या रविवारी तो तयारीने आला होता. पिशवीतून त्याने फुलस्केपचे चार कागद काढले. लोखंडाला स्वप्न कसं पडू शकतं ते त्याने कलमवार लिहून आणलं होतं. गंज चढतो तेव्हा लोखंड मनात काहीतरी साठवतं. चुंबक जवळ आलं की ते दूरचं ओळखतं. तापलं की वितळतं, म्हणजे रूप बदलतं. ते लिहिलंही होतं फार चांगलं. त्याने आम्हाला ते न अडखळता वाचून दाखवलं. खेळाचे नियम त्याला सरांपेक्षा जास्त पाठ होते, आणि ते त्याच्या आवाजात ऐकू येत होतं.

सरांनी कागद हातात घेतले. चारही नीट वाचले.

“सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग निळा कागद द्या.”

“झोपल्याशिवाय कसा देऊ?”

“सर, लोखंड झोपत नाही. तेच तर मांडलंय.”

“का झोपत नाही?”

यासीन हसला. लहान मुलाला सांगावं तसं त्याने सांगितलं, “खिंड राखायची असते.”

“दुसऱ्या कुणी राखली तर?”

“दुसरा डुलकी काढेल.”

“पाच मिनिटं काढली तर काय होईल?”

यासीनचं हसणं गेलं.

“पाच मिनिटांत काहीही होतं, सर.”

खाली कुणीतरी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते वर ऐकू आलं...

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे.

सरांनी हळू विचारलं, “तिथे गेलास तर तिला काय सांगशील?”

 यासीन नखाने सतरंजीचा दोरा उचकत राहिला.

“मोठं काही नाही,” तो म्हणाला. “गेल्या महिन्यात आईचं ऑपरेशन झालं. सहीचा कागद होता, तीन पानी. आधी मी कुठेही नुसती सही ठोकायचो. ह्या वेळी सगळा वाचला. एका शब्दाचा अर्थ डॉक्टरांना विचारला. मग सही केली... तेवढं बाईंना सांगायचं होतं.”

सर उठले. त्यांचे गुडघे पार गेलेले, एकदा बसले की खेळ संपेपर्यंत ते उठत नसत. भिंतीचा आधार घेत ते नकाशाच्या वरच्या टोकाला गेले आणि कसेबसे खाली बसले. खिंडीतला नटबोल्ट त्यांनी उचलून यासीनच्या हातावर ठेवला. त्या जागी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.

अकरा वर्षं हा खेळ चालला होता. सरांनी कधी स्वतःसाठी पात्र घेतलं नव्हतं.

“खिंडीवर आज मी,” ते म्हणाले.

“आणि मी?”

सरांनी गार्गीला कपाटावरची चादर काढायला सांगितली.

यासीनला काय चाललंय ते कळलं. त्याने मान हलवली.

“लोखंडाला पापण्या नाहीत, सर. मिटणार काय?”

“तुला आहेत ना?”

तो आधी चिडला. मला चारला कामावर जायचंय म्हणाला. हा काही खेळ झाला नाही म्हणाला. सर खिंडीकडे बघत बसले होते. शेवटी, म्हाताऱ्याचं मन मोडू नये अशा चेहऱ्याने, तो भिंतीकडे पाय करून आडवा झाला. नटबोल्ट मुठीत तसाच होता.

“दहा मिनिटं,” तो म्हणाला.

तीन मिनिटांत त्याची मूठ सुटली. नटबोल्ट घरंगळून माझ्या पायाशी आला.

 गार्गीने खिडकी लोटली, ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. बारा वाजले. एक वाजला. मी खाली जाऊन वाचनालयाचं दार बंद करणाऱ्या शिपायाला सांगून आलो की आज आम्हाला उशीर होईल. त्याने वर डोकावून पाहिलं आणि चपला हातात घेऊन खाली गेला.

सर ताठ बसले होते. भिंत हातभर अंतरावर, पण पाठ टेकली नाही. त्यांना साखरेचा आजार, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. गार्गीने स्वतःचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पोळीचा तुकडा घेतला आणि नजर खिंडीवरच ठेवून खाल्ला. मी खुणेने म्हटलं, थोडा वेळ मी बसतो तिथे. त्यांनी नाही म्हटलं.  दोन वाजता ते मांडी बदलून पुन्हा ताठ बसले.

यासीन तोंड उघडं टाकून झोपला होता. मधेच ओठ हलले. शब्द काही कळले नाहीत. कपाळावरची आठी मात्र कुठेतरी दीडच्या सुमाराला गेली, आणि बाई असतानाचा तो मुलगा दिसायला लागला.

त्या दुपारी मला कुणाकुणाची आठवण झाली. माझ्या बसमध्ये झोपलेली माणसं. आपला स्टॉप आला की कंडक्टर उठवील, अशा भरवशावर किती जण खिडकीला डोकं लावून निजायचे. तो भरवसा त्यांनी माझ्यावर टाकला, ही त्यांची मेहेरबानीच होती. तेव्हा मला ते ओझं वाटायचं.

पावणेतीनला यासीन दचकून उठला.

उठताच त्याने समोरच्या भिंतीवर घड्याळ शोधलं. तिथे घड्याळ नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं.

“किती वेळ झाला?”

मी सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. दवाखान्यातून आला होता त्या दिवशी जसा होता, अगदी तसा. आता हा पुन्हा कधी पाठ टेकणार नाही, असं मला वाटलं.

तो गुडघ्यांवर रांगत नकाशापाशी गेला. सर अजून खिंडीकडेच बघत होते.

स्वप्न पडलं की नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

“सर...” त्याचा आवाज बसला होता. “मी झोपलो तेव्हा खिंडीत कुणी आलं होतं?”

सरांनी आता कुठे पाठ भिंतीला टेकली. चष्मा काढून डोळे पुसले.

“एक खार येऊन गेली,” ते म्हणाले. “तू झोपलायस म्हटलं. म्हणाली, उठवू नका त्याला.”