कोपऱ्यातल्या खांबाची टकटक

उघड्या माळावर वसलेल्या एका गावात बळवंत पांचाळ नावाचा लोखंडकाम करणारा राहत होता. दारं, खिडक्या, गोठ्यांचे सांगाडे, सगळं त्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून जायचं. "बळवंताचा जोड हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही," असं लोक म्हणायचे. आणि ते खरंही होतं.

गावच्या आठवडी बाजाराला छप्पर नव्हतं. माणसं उन्हात बसायची. माळावरचा वारा सुटला की भाज्या, टोपल्या, पालं, सगळं उडायचं. शेवटी ग्रामपंचायतीने लोखंडी खांबांची, पत्र्याची मोठी शेड बांधायचं ठरवलं. काम अर्थातच बळवंताला मिळालं.

असं काम कसं करतात, ते आधी ऐका. जमिनीत काँक्रीटचा पाया घालतात. काँक्रीट ओलं असतानाच त्यात लांब बोल्ट उभे पुरून ठेवतात, नुसती टोकं वर राहतात. खांबाच्या तळाला लोखंडाची जाड प्लेट असते, तिला भोकं असतात. खांब उभा केला की बोल्टांची टोकं भोकांतून वर येतात. वरून नट आवळले, की खांबाने जमीन धरली. भार काय, साधा दगडही सोसतो. पण छपराखाली वारा शिरला की तो छप्पर दाबत नाही, वर उचलतो. तेव्हा खांबाला धरून ठेवतात ते हे बोल्टच.

सगळे खांब नीट बसले. पश्चिमेच्या कोपऱ्यातला शेवटचा मात्र बसेना. काँक्रीट ओतताना बोल्टांचा साचा सरकला होता. बोल्ट एकीकडे, भोकं दोन बोटं पलीकडे. बळवंताने घाम पुसला. पाया फोडून नवा घालायचा, तर उद्घाटन लांबणार. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि गाव काय म्हणेल? बळवंत चुकला!

हाताखालची माणसं जेवायला गेली होती. खांब चेनपुलीला टांगलेला होता. बळवंताने इकडेतिकडे पाहिलं आणि कटरने ते बोल्ट मुळापासून कापून टाकले. बोडक्या पायावर खांब टेकवला. मग बोल्टांचे तुकडे, नटांसकट, वरून प्लेटला वेल्डिंगचे टाके मारून चिकटवले. फटीत सिमेंट भरलं, वर रंग दिला. दिसायला अगदी इतरांसारखं.

"एका खांबाने काय होतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "बाकीचे आहेत की."

उद्घाटनाला सरपंच इंदुताईंनी नारळ फोडला. बळवंताच्या खांद्यावर शाल घातली. शालीचा स्पर्श झाला आणि तो दचकला.

त्याची आई अनसूयाबाई बाजारात वाळल्या मिरच्या विकायची. पहिल्याच बाजारी तिने पोतं नेऊन टेकवलं ते नेमकं कोपऱ्यातल्या त्या खांबाला. "माझ्या लेकाने उभा केलेला खांब. मी इथेच टेकणार," असं तिने चारचौघींना ऐकू जाईल असं सांगितलं.

बळवंताने मान फिरवली आणि काढता पाय घेतला.

दुपारी वारा सुटला. बळवंत चहाच्या टपरीवर उभा होता. बाजाराच्या कलकलाटात त्याला ऐकू आलं. टक्. जरा थांबून पुन्हा, टक्. खांब केसभर उचलला जात होता आणि खाली टेकत होता. दुसऱ्या कुणाचं लक्षच नव्हतं. त्या दिवसापासून घरात भांड्यावर झाकण पडलं तरी बळवंताचा घास हातातच राहायचा.

"आये, तिथे बसू नकोस. ऊन येतं," तो म्हणाला.

"छप्पर तूच घातलंस ना रे? मग ऊन येतंय कुठून?"

"वारा लागतो तिथे."

"मिरचीला वारा बराच की. आणि बळवंता, वारा सुटला ना, की तुझा खांब माझ्या पाठीत टकटक करतो बघ. पाठ दुखायची राहिली माझी!"

ती हसली. 

चूक सांगून टाकावी असं त्याला रोज वाटायचं. जीभ उचलायची नाही. शेवटी त्याने आपली एक पळवाट शोधली. पुढच्या बाजारी त्याने मैदानातल्या लिंबाखाली आईसाठी बाज टाकली, मोठी छत्री बांधली आणि खोटंच सांगितलं, "तुझ्या मिरच्यांच्या खकाण्याने लोक शिंकतात. तक्रार आलीय."

"कोण तो नाजूक नाकाचा? आण त्याला माझ्यापुढे!" असं बडबडत का होईना, अनसूयाबाई उठली. किती दिवसांनी बळवंताने मोकळा श्वास घेतला.

तो श्वास पुरता सुटलाही नव्हता, तोच रिकामी जागा पाहून बांगड्या विकणारी शकीला तिथे आली. तिच्या कडेवर तान्हं लेकरू होतं. तिने जुन्या साडीची झोळी केली. एक टोक बांधलं कोपऱ्यातल्या खांबाला, दुसरं शेजारच्या तिरक्या सळईला. लेकरू झोळीत निजवलं आणि एका हाताने झोका देत बांगड्या मांडायला लागली.

बळवंत बघतच राहिला.

इतक्यात पश्चिमेचं आभाळ मातकट झालं. माळावरून धुळीचा लोट उठला. उघड्यावर बसलेली माणसं टोपल्या उचलून पळाली. "शेडखाली चला! बळवंताची शेड आहे, भ्यायचं काम नाही!" बघता बघता सगळा बाजार त्या छपराखाली गोळा झाला.

टक्. टक्. टक्टक्.

"चल की रे आत," अनसूयाबाई त्याचा हात ओढत म्हणाली. "डोळ्यांत माती जातेय माझ्या."

त्याचे पाय हलेनात. मागच्या वाऱ्याला कुठे काय झालं? आजही होणार नाही कदाचित. सांगितलं तर मात्र नाव गेलंच. आत झोळी हलत होती. आता तिला शकीलाचा हात लागलेला नव्हता. ती वाऱ्याने हलत होती, की खांबाने?

मग मोठा झोत आला. या वेळी टक् झालं नाही. ठण्ण झालं.

बळवंत धावला. "बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा! त्या खांबाने जमीन धरलेली नाही!"

लोक हसले. "उन्हाने डोकं फिरलं काय रे?" एकजण म्हणाला. "अहो, हत्ती येऊ द्या आधी, मग पळू," दुसऱ्याने जोडलं. इंदुताई म्हणाल्या, "बळवंतदादा, तुमचंच काम आणि तुम्हीच घाबरवताय होय?"

कुणी जागचं हलेना. गावाचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. त्या विश्वासाचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

शेजारी पाटे-वरवंटे विकणाऱ्या पाथरवटाचा हातोडा पडला होता. बळवंताने तो उचलला आणि खांबाच्या तळाशी एका नटावर आडवा घाव घातला. टाका तुटला. बोल्टाचा तुकडा नटासकट उडाला आणि घरंगळत इंदुताईंच्या पायाशी गेला. बोटाएवढा तुकडा. खाली काहीच नव्हतं.

"मी कापलेत बोल्ट," बळवंत म्हणाला. "मीच."

 मग एकच किंकाळी उठली आणि माणसं बाहेर पळत सुटली. शकीला झोळीची गाठ सोडू लागली. गाठ ओढीने आवळली होती, सुटेना.

"झोळी राहू दे! लेकरू उचल!" बळवंत ओरडला. त्यानेच झोळीत हात घालून लेकरू काढलं, तिच्या छातीशी दिलं आणि तिला पुढे घालून पळाला.

पुढच्या झोताला कोपऱ्यातला खांब पायावरून उठला. चांगला हातभर उठला. रिकामी झोळी त्याच्याबरोबर वर गेली. मग तो कोपरा पत्र्यांसकट कोसळला. टोपल्या चेंगरल्या, बांगड्यांचा चुरा झाला. खाली माणूस मात्र एकही नव्हतं.

धूळ बसली. बळवंताला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. अनसूयाबाई हळूहळू चालत आली. तिने पडलेला खांब पाहिला, फाटलेली झोळी पाहिली, मागे वळून लिंबाखालची आपली बाज पाहिली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला उठवलंस. आणि हिला बसू दिलंस?"

 बळवंताच्या मनातली वादळाची भीती संध्याकाळपर्यंत ओसरली. त्या प्रश्नाची कधीच ओसरली नाही.

त्याने पदरमोड करून शकीलाला बांगड्यांचा नवा माल घेऊन दिला. मग तो पाया फोडला आणि नवा घातला. काँक्रीट ओलं असताना साच्यापासून तो हलला नाही. खांब पुन्हा उभा केला, नट उघडे ठेवले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पाना देऊन म्हणू लागला, "तुम्हीच आवळून बघा." लोकांनी आवळून पाहिले. तरी त्या खांबापाशी कुणी बसेना. तेव्हा बाजारच्या दिवशी वारा सुटला की बळवंत स्वतःच त्याला पाठ लावून बसायचा.

एका बाजारी असाच वारा सुटला होता. अनसूयाबाई मिरच्यांचं पोतं घेऊन आली. "सरक," ती लेकाला म्हणाली. खांबाला पाठ टेकून ती बसली आणि वारा पडेपर्यंत तशीच बसून राहिली. मग तिने बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली.

"शकीला, ये गं. आता गप्प आहे तो. बांध झोळी."

तात्पर्य: जिथे आपल्या माणसाला बसवताना जीव घाबरतो, तिथे दुसऱ्याच्या लेकराला निजू देऊ नये. आपली चूक आपल्याला भिववू लागली, की ती त्याच वेळी बोलून दाखवावी. झाकलेली चूक शांत दिवसांत भार सोसते, पण वादळात धरून ठेवत नाही.