खांद्यावरचा पाय

"त्यानं मला खांदा का दिला?"

आशेरनं हे आईला विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला. बापाला विचारलं, तो उठून गोठ्यात गेला. थोरल्या भावाच्या, रूबेनच्या कबरीत माती लोटणाऱ्यांनाही त्यानं विचारलं होतं. त्यांनी नुसती फावडी चालवली.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, कालच झाला होता. उद्या ईस्टर. खडकवाडीची ख्रिस्ती मंडळी ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीतच जमतात, म्हणून सकाळी सगळ्यांनी आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावला होता. दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्या कबरी उन्हात डोळ्यांवर येत होत्या, आणि त्यांच्यामधून कुदळीचा आवाज येत होता...

जमिनीखालून.

चर्चचे म्हातारे पाळक गमलिएल आबा त्या आवाजाच्या मागं गेले. रूबेनच्या कबरीला लागून नवा खड्डा होता. पुरुषभर खोल. तळाशी आशेर.

चौथीतून शाळा सुटलेल्या या पोराला पवित्र शास्त्र वाचायला आबांनीच शिकवलं होतं.

"कुणासाठी रे?" आबांनी वरून विचारलं.

"माझ्यासाठी."

"जिवंत दिसतोस."

"तेच चुकलंय. मरायचं होतं मी. माझ्या जागी तो निजलाय. मी माझी जागा खणतोय."

आबा काठावर बसले, पाय आत सोडले, आणि मातीबरोबर घसरत खाली आले.

"आबा... हे काय केलंत?"

"गार आहे इथं."

आशेरनं कुदळ टाकली. भिंतीशी वाकला. "माझ्या खांद्यावर पाय द्या. वर काढतो तुम्हाला."

"मी वर गेलो तर तुला ओढायला माझ्यात जोर कुठाय? तू चढ. मग मला ओढ."

"मला न्हाई जायचं वर."

"मग मीही बसतो. उद्या पहाटे मंडळी गात गात येतील आणि पाळक खड्ड्यात सापडेल. गावाला वर्षभर पुरेल."

आशेरला हसू आलं नाही.

आबा भिंतीकडे तोंड करून वाकले. "ठेव पाय."

"न्हाई."

"द्यायला पुढं, घ्यायला मागं. भारी गर्व रे तुला."

"गर्व न्हाई." आशेरचा आवाज फाटला. "विहिरीत आमी दोघं होतो. मला पवता येत न्हाई. त्याचे पाय गाळात रुतलेले. म्हणला, खांद्यावर पाय दे, पायरी धर. मी दिला. मी वर आलो आणि तो... माझ्याच पायानं खाली गेला, आबा. मी त्याला रेटला."

आबांनी मान वळवली नाही.

"दे म्हणाला होता ना?"

"व्हय."

"तू हिसकावलास?"

"न्हाई."

"मग त्यानं दिलेलं परत का करतोस?"

वारा पडला होता. तरी काठावरून माती थोडी थोडी घरंगळत होती, वर कुणी उभं असावं तशी. आशेरनं वर पाहिलं. चौकोनी आभाळ. कुणी नव्हतं.

"बारक्या, ठेव पाय."

त्याला बारक्या फक्त रूबेन म्हणायचा.

आवाज आबांचाच होता... की नव्हता? भिंतीकडे तोंड केलेला माणूस हलला नाही.

आशेरनं डोळे मिटले. पाय उचलला. ठेवला.

खांदा थंड होता. ओला. भर उन्हाळ्यात, कोरड्या मुरमात, विहिरीतल्यासारखा ओला. पायाखाली तो थोडा दबला. मग खांदा वर आला. नेटानं, ठरवून, वर आला.

त्या दिवशी विहिरीतही रूबेनचा खांदा असाच वर आला होता. आशेरला आपलं रेटणं तेवढं आठवत राहिलं होतं. खालून कुणी उचललं होतं, हे त्याच्या पायाला आज कळलं.

त्यानं काठ धरला. वर आला, आणि तापलेल्या मातीवर पालथा पडून रडला.

बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली सोडला. हाताला हात लागला. त्यानं ओढलं. म्हातारा इतका हलका वर आला की आशेरनं दचकून खड्ड्यात पाहिलं.

आत नुसती कुदळ होती.

आबांचा सदरा कोरडा ठणठणीत होता. पांढऱ्या खांद्यावर मात्र मातीचा अख्खा पाय उमटला होता, पाची बोटांसकट.

"आबा, डाग पडला. काढा, धुऊन आणतो."

आबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या सणाला मी हाच घालणार आहे."